एकच ऊस, दोन कॅमेरे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आज सांगतेय, पण उसाकडे तोंड करून बसलेय—पाठ करायची हिंमत होत नाही.

मला फोटो काढायचा नाद आहे. मोठं काही नाही. दौंडला मामाच्या रेल्वे क्वार्टरबाहेर वाळणारे युनिफॉर्म, फलाटावर डबा उघडून बसलेली माणसं—हे रोलच्या कॅमेऱ्यात. केंदूरला घरी आईचे पिठाचे हात, बांधावरची चप्पल—हे मोबाईलमध्ये. मग मामाने त्याचा जुना मोठा डिजिटल कॅमेरा दिला, लांबचं जवळ आणणारा. मला बोलायला जमत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, व्हॅनने जायचे-यायचे, गावाशी बोलायची सवयच लागली नाही. डोळ्याला कॅमेरा असला की कुणी काही विचारत नाही—कळतंय ना?

त्या संध्याकाळी शेजारच्या सिंधूकाकू त्यांच्या शेवंतीत खुरपत होत्या. मागे ऊस. मी एक फोटो मोबाईलवर काढला, लगेच एक कॅमेऱ्यावर. घरी येऊन कॅमेऱ्यातला मोठा करून पाहिला.

उसाच्या बुडाशी दोन कान होते. त्याखाली डोळे. ते माझ्याकडे बघत नव्हते—काकूंच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते.

आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, ओणव्या माणसावर बिबट्या झेप घेतो. म्हणून तो दिसल्याचं कळलं की कुणी एकटं रानात जात नाही. बाया फुलं तोडतात तेव्हा एक जण बांधावर फटाके वाजवत उभा राहतो. मला ठाऊक नव्हतं का? होतं. सगळं होतं.

मी कॅमेरा बंद केला.

थोड्या वेळाने काकूच अंगणात आल्या. गावात कुजबुज होती, पण ग्रुपवर इतके खोटे बिबटे फिरले होते की कुणाचा विश्वास उरला नव्हता.

"काय गं फोटोवाली, तू तर रानातच असतीस. तुझ्या कॅमेऱ्यात काय घावलं का? उद्या पहाटं फुलं तोडाया जाऊ का नको? ह्यांना म्हटलं सोबत चला, तर म्हणत्यात, तुला बघून बिबट्याच पळंल!"

आई हसली. मीही हसले. आणि मोबाईल काढून दाखवला. मोबाईलच्या फोटोत उसाखाली नुसता अंधार होता.

"नाही काकू, काही नाही," मी म्हणाले.

"बरं झालं बाई. आन् मी एवढी जाड दिसती व्हय गं?"

का केलं? दिसलं म्हटलं असतं तर अंगण माणसांनी भरलं असतं, सगळे माझ्याकडे बघत. पप्पांनी माझं रानात जाणं बंद केलं असतं. एवढंच. एवढ्याशासाठी—

पहाटे काकू एकट्या गेल्या. किंकाळी आमच्या घरापर्यंत आली. पप्पा काठी घेऊन धावले, आई धावली. मी अंथरुणातच राहिले. कशाची किंकाळी, हे घरात फक्त मला माहीत होतं.

काकू वाचल्या. मानेपासून खांद्यापर्यंत टाके. उजवा हात डोक्यापर्यंत जात नाही, वेणी सून घालते. आता आमच्याकडे बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून खुरपतात. बिबट्या पिंजऱ्यात सापडला, तरी माझी भीती गेली नाही. ती त्याची नव्हतीच. दारात कुणी "कॅमेरा बघू जरा" म्हटलं की मी चार्जिंग संपलंय म्हणते. फोटो अजून त्यात आहे. पुसायलाही घाबरते, ठेवायलाही.

भेटायला येणाऱ्यांना काकू सांगतात, "पोरीनं फोटो दावला व्हता की. त्यात काय बी नव्हतं. तिचा काय दोष?"

मी तिथेच असते, चहाचे कप धरून. ऐकून घेते.

काकूंनी विचारलं, तेव्हा मला माहीत होतं. मी जाणूनबुजून दुसरा फोटो दाखवला.