ताऱ्याच्या मरणाचं व्याख्यान

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. एका वर्षी हुडकेश्वरकडच्या एका वस्तीतल्या गणेश मंडळानं मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच दिला होता : ताऱ्यांचा जन्म आणि मृत्यू. संध्याकाळची आरती झाली, सतरंज्या अंथरल्या गेल्या, आणि शाळेतून आणलेल्या फळ्यावर विषय लिहून मी खाली वायूचा आणि धुळीचा ढग काढला. तो स्वतःच्याच वजनानं आत आत कसा दाटतो, तापतो, आणि पोटात हायड्रोजनचं हेलियम होऊ लागलं की तारा कसा पेटतो, ते सांगत होते. पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांची एक मुलगी अगदी न हलता ऐकत होती.

मंडळाचे सेक्रेटरी पाण्याचा पेला घेऊन आले आणि वाकून हळूच म्हणाले, "बाई, मरणाचं सोडून द्या. समोर ते पोरगी दिसते ना, तिचा बाप उन्हाळ्यात काविळीनं गेला. बाबा तारा झाले म्हणून सांगून ठेवलं तिले घरच्यांनी."

मी सूर्यावर बोलू लागले, मग सूर्यावरच्या डागांवर. विषय लांबवत राहिले. पण फळ्यावरचा मथळा तसाच होता आणि मुलीला वाचता येत होतं.

"बाई, तारा मरते कसा?"

"त्याचं इंधन संपतं," मी म्हणाले. "सूर्यासारखा तारा आधी फुगतो, लाल होतो. बाहेरचे थर निघून जातात. मधे लहानसा पांढरा गोळा उरतो, तोही हळूहळू निवतो. याला अब्जावधी वर्षं लागतात."

"मंग माहे बाबा पुन्हा मरतीन?"

तिचा काका उठून उभा राहिला. "बाई, नाही म्हणा तिले," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण मुठी आवळलेल्या होत्या.

तेवढ्यात बायकांमधून वाट काढत तिची आई पुढे आली आणि मुलीजवळ बसली.

"बाबा तारा नाही झाले वं," ती म्हणाली. "बाबा गेले. आम्ही खोटं सांगितलं तुले."

"मंग मी रोज कोणाशी बोलून राहिली होती?"

आईनं तिला जवळ ओढलं. मुलगी तिच्या मांडीत तोंड खुपसून रडायला लागली. व्याख्यान तिथंच संपलं. सेक्रेटरी मला बसपर्यंत सोडायला आले.

दसऱ्याच्या आधी एका दुपारी त्या दोघी मायलेकी माझ्या दारात उभ्या. आता जाब विचारणार, असं मला वाटलं.

"बाप गेल्यापासून रडलीच नव्हती ते," आई म्हणाली. "त्या दिवशी रडली, मंग पोटभर जेवली. आता म्हणते, बाईचं अर्धं राहिलं."

मी फरशीवरच खडूनं सूर्याहून कितीतरी मोठा तारा काढला. तो शेवटी कसा फुटतो, त्याची धूळ दूरवर कशी पसरते, त्यातूनच पुढे नवे तारे कसे होतात, ते सांगितलं. सांगताना एकेक शब्द चाचपून टाकत होते. आई मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होती, मी आईच्या. मुलीनं बाबांचं नाव काढलं नाही. तिनं माझ्याकडून खडू घेतला आणि फुटलेल्या ताऱ्याभोवती बराच वेळ ठिपके काढत बसली.