मिठाची बोटं

हरिश्चंद्र वालावलकर सरांना अकरावीला रसायनशास्त्रातला मोल शिकवायचा कंटाळा आला होता. वय चोपन्न, रोज वालावलहून एसटीने कुडाळपलीकडच्या कॉलेजात यायचं, आणि दरवर्षी तेच समीकरण, तेच कोरे चेहरे. शहाऐंशीच्या जानेवारीत तिसरा आठवडा त्याच धड्यावर गेला, तेव्हा त्यांना वाटलं, हा धडा आपल्याला संपवूनच संपणार.

त्यातच प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. संस्थेकडे प्राचार्यांविरुद्ध निनावी पत्र गेलं होतं. शनिवारी संस्थेच्या पेटीत टाकलेलं, सोमवारी प्राचार्यांच्या हाती आलेलं.

"हे शंकरचंच काम," प्राचार्य म्हणाले. शंकर म्हणजे प्रयोगशाळेतला शिपाई. आठवड्यापूर्वीच रजेवरून दोघांची वाजली होती. "तुमच्या केमिस्ट्रीत बोटांचे ठसे निघतात ना? काढा. मग त्याला घरी पाठवतो."

नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. सर पत्र घेऊन आले.

वेगळा वेळ कुठून काढायचा? त्यांनी हेच वर्गात घ्यायचं ठरवलं. फळ्यावर लिहिलं, सिल्व्हर नायट्रेट अधिक मीठ. "घामात मीठ असतं. बोट कागदावर टेकलं की ते कागदात उतरतं. त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवलं की सिल्व्हर क्लोराइड होतं, आणि उन्हात ते काळं पडतं. प्रश्न एवढाच, किती घालायचं?"

शंकरने ग्लासात द्रावण करून आणलं. ते ताकासारखं पांढरं झालेलं. पोरं हसली.

"पाणी खंयचा घेतलंस?" सरांनी विचारलं.

"बावचा, सर. बाटलीतला संपला. माका वाटला, पाणी ता पाणीच."

कॉलेजची विहीर खाडीच्या अंगाची, उन्हाळा जवळ आला की मचूळ व्हायची. एरवी सर चिडले असते. पण चिडण्याइतकीही ताकद नव्हती. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बघा, विहिरीतल्या मिठानेच सगळी चांदी खाल्ली. आता बोटांना काय उरलं?"

मागच्या बाकावरची दुर्गा कधी तोंड उघडत नसे. ती उठली. "सर, साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ एकशेसत्तर ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट संपवतं. म्हणजे मिठाच्या जवळजवळ तिप्पट. विहिरीच्या पाण्यात मीठ जास्त असलं तर आपलं सगळं तिथेच संपणार."

"आणि बोटाच्या ठशात, समजा, मिलिग्रॅमचा शंभरावा भाग मीठ असलं तर?"

तिने वहीत पाहिलं नाही. "त्याच्या तिप्पट. तीन शतांश मिलिग्रॅम. थेंबभर द्रावणात त्याहून जास्त असेल."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणाला तरी समजलं होतं. बरं वाटलं, पण ते मनात फार वेळ टिकलं नाही.

शंकर कुडाळहून डिस्टिल्ड वॉटर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पोरांनी कोऱ्या कागदावर अंगठे टेकवले. "तूही टेकव," सर शंकरला म्हणाले. कागद ओले झाले, सुकले, खिडकीत उन्हाला लागले. हळूहळू तपकिरी रेषा उमटल्या. पोरं एकमेकांचे अंगठे ओढून बघू लागली.

शंकरच्या कागदावर रेषा नव्हत्याच. नुसता डाग. वीस वर्षं कॉस्टिक सोड्याने बाटल्या घासून बोटं गुळगुळीत झाली होती.

"सर, ह्या काय? माझां बोट खंय गेलां?" तो हसत म्हणाला. मग हसू मावळलं. "त्या पत्रासाठी काय ह्या? मी खंय लिवतलंय, सर? चार ओळी लिवूक माका तास लागता."

"माका ठावक आसा. बस मरे."

शेवटी पत्र. हवा कोरडी आणि पत्र ताजं, म्हणून ठसे पसरले नव्हते. घडीपाशी, कडेला तीन वेगवेगळे अंगठे उमटले, सगळे रेषांचे. एक प्राचार्यांचा, एक पत्र आणून देणाऱ्या कारकुनाचा; त्या दोघांचे ठसे सरांनी आधीच घेऊन ठेवले होते. तिसऱ्यावर आडवा जुना वार होता. असा वार कुठल्या सहकाऱ्याच्या अंगठ्यावर पाहिला, हे सरांना क्षणभर आठवून गेलं. त्यांनी पुढे विचार केला नाही.

त्यांनी कागद प्राचार्यांच्या टेबलावर, खिडकीजवळ ठेवला. "शंकरचं बोट यावर कुठेच नाही. त्याला रेषाच उरल्या नाहीत."

"मग हा तिसरा कोण? सगळ्या शिक्षकांचे ठसे घ्या."

"तुम्ही शंकरबद्दल विचारलंत. ते सांगितलं."

"वालावलकर, मी सांगतोय."

सरांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन टेबलावर आलं होतं. बोलाबोलीत कागद करडा झाला, मग तपकिरी, मग कडेपासून काळा. रेषा त्यात बुडाल्या.

"हे काय झालं?"

"जास्तीचं सिल्व्हर नायट्रेटही उन्हात काळं पडतं. धुवायला हवं होतं."

"मग धुतलं का नाही?"

"नाही धुतलं," सर म्हणाले.

प्राचार्य पुढे दोन वर्षं त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. शंकर मात्र निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. दुर्गा पुढच्या वर्षी रत्नागिरीला शिकायला गेली. पत्र कुणी लिहिलं, ते कॉलेजात कुणाला कळलं नाही, आणि सरांनी स्वतःलाही पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी केबिनबाहेर आल्यावर ते व्हरांड्याच्या कठड्यावर जरा टेकले. तेवढ्यात घंटा झाली. ब तुकडीला मोल अजून शिकवायचा होता.