काडेपेटीत मावणारी चित्रं

पेटीबाबूंचं कोणतंही चित्र काडेपेटीत मावत असे. त्याहून मोठं त्यांनी कधी केलं नाही. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत ते आलापल्लीच्या लाकूड डेपोत लठ्ठे मोजणारे कारकून होते. मीही त्याच कचेरीत होतो. ते येईपर्यंत गावातला चित्रकार मी होतो. गणपतीमागचा पडदा माझा, नाटकातलं जंगल माझं, त्यातला वाघही माझा.

डेपोच्या साहेबांच्या बंगल्यात एक जुनं जपानी छापचित्र होतं. ते पाहून पेटीबाबूंना हा नाद लागला. तिकडचे कारागीर प्रत्येक रंगासाठी लाकडाचा वेगळा ठसा कोरतात, एवढंच साहेबांनी सांगितलं. बाकीचं बाबूंनी स्वतः जुळवलं. सागाच्या तुकड्यावर ठसा कोरायचा, सागाच्याच कोवळ्या पानांचा तांबडा रस त्याला लावायचा, वर कागद ठेवून बांबूच्या वाळक्या सालीने घासायचा. मग त्या कागदाचे नखाएवढे तुकडे कापून भाताच्या खळीने चिकटवायचे. आज याला कोलाज म्हणतात. आम्ही कचेरीत 'बाबूची चिकटाचिकटी' म्हणायचो. हे नाव मी पाडलं होतं.

पेन्सिल ते वापरत नसत. मी कारण विचारलं. "रेघ मारली का रंग तिथीच अडकते, भाऊ. रंगाले रंग भेटू द्याचा." मला असं वाक्य कधी सुचलं नाही.

एकदा ते तळ्याचं चित्र घेऊन घरी आले. माझी बायको माझ्या पडद्यांसमोरून रोज केर काढत जायची, कधी थांबली नाही. ते चित्र तिने तळहातावर घेतलं.

"बाप्पा! पाणी ओलं दिसून राह्यलं."

"कागद आहे तो," मी म्हणालो.

"मंग तुमचंही कापडच हाय ना?"

पेटीबाबू घाईने म्हणाले, "बाई, भाऊचा वाघ पाहा. मले येवढं मोठं जमतच नाई."

या बोलण्यात मी टोमणा शोधला. सापडला नाही. सापडला असता तर त्यांचा तिरस्कार करणं सोपं गेलं असतं.

पुढे त्यांची सिरोंच्याला बदली झाली. निरोप द्यायला डेपोतले सगळे गेले, मीही गेलो. मोटार वळणाआड गेली तेव्हा मला हलकं वाटलं.

त्यानंतर सागाला कोवळी पानं आली, तसा मी डेपोच्या मागच्या खोलीत बसू लागलो. बायकोला काही सांगितलं नव्हतं. बरेच कागद वाया गेले. शेवटी एक उतरलं: प्राणहिता नदीचा काठ, एक डोंगा, कुठेही रेघ नाही. ते तिच्या हातात ठेवलं. तिने बराच वेळ पाहिलं. माझ्या कोणत्याही चित्राकडे ती इतका वेळ पाहत राहिली नव्हती.

"बाबूचं हे एक इथीच राह्यलं होतं का?"

"हो," मी म्हणालो.

तिने ते देव्हाऱ्याशेजारी लावलं. आल्यागेल्याला ती अजून दाखवते, आणि नाव त्यांचं सांगते.