दोन सीटची कयाक

दुकानदार पुन्हा पुन्हा सांगत होता की मासे पकडायला कयाक कोणी घेत नाही. कनू घ्या, ती उघडी असते, सामान मावतं, दोघं आरामात बसाल. माझा मित्र मान हलवत ऐकत होता आणि शेडमध्ये उलट्या ठेवलेल्या होड्यांमधून वरून झाकलेली, अरुंद कयाकच हुडकत होता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मिशिगनमध्ये नोव्हाय गावाच्या पुढे हायवेला लागून ते दुकान होतं. पुढच्या बाजूला जिवंत गांडुळांच्या डब्या ठेवलेला फ्रीज, भिंतीवर गळाच्या काठ्या, मागे होड्यांची शेड. मित्र आणि मी एकाच कंपनीत होतो. मोटारींच्या सीटचे सांगाडे डिझाइन करायचं आमचं काम, आणि आमचे ड्रॉइंग बोर्ड शेजारी शेजारी. मी पुण्याचा, शाकाहारी, पोहता न येणारा. तो भंडाऱ्याकडचा. त्याच्या गावाला मोठा तलाव होता आणि त्याचं सगळं लहानपण त्या तलावाच्या काठावर गेलं होतं. मिशिगनमधली तळी पहिल्यांदा बघितली तेव्हा आपल्याला घरी आल्यासारखं वाटलं, असं तो मला म्हणाला होता. मला त्या तळ्यांकडे बघून काहीच वाटलेलं नव्हतं.

बास हा काठाजवळच्या गवतात, पडलेल्या झाडांच्या आडोशाला राहणारा मासा. त्याच्याजवळ आवाज न करता जायचं असतं. मित्राचा हिशेब असा की कयाकमध्ये माणूस पाण्याला टेकून बसतो, वारा कमी लागतो, सावली कमी पडते. शेडमधल्या जुन्या सतरंजीवर एकेक कयाक ठेवून तो आत बसला. पाय पसरले, हातात नसलेली काठी फिरवून बघितली, कोपर काठाला लागतंय का ते पाहिलं. सीटवर बसलेला माणूस कुठे अवघडतो हे बघणं हा आमचा धंदाच होता. लांब, निमुळत्या कयाक त्याने बाजूला काढल्या. शेवटी एक आखूड, रुंद, बसायची जागा मोठी असलेली, मळकट हिरव्या रंगाची निवडली. तशीच दुसरी माझ्यासाठी. मी पिवळी मागितली, बुडालो तर निदान लोकांना दिसेन म्हणून. दुकानदार तेवढा एकदाच हसला.

मी का गेलो त्याच्याबरोबर, हे मला नीट सांगता येणार नाही. त्या वर्षी कंपनीतून दर महिन्याला माणसं कमी होत होती. घरी टीव्हीसमोर बसून राहण्यापेक्षा बरं, असं काहीतरी असेल. मे महिन्याच्या अखेरीस बासचा, म्हणजे तो पकडायची परवानगी असलेला, सीझन उघडला आणि आम्ही शनिवारी पहाटे तळ्यावर जायला लागलो. लाइफ जॅकेट घालून मी काठाकाठाने वल्हवायचो. तो पुढे जायचा, थांबायचा, जांभळ्या प्लॅस्टिकचं गांडूळ लावलेला गळ नेमका बुडालेल्या ओंडक्याशेजारी टाकायचा. त्याच्या काठीला जो रीळ होता तो अवघड प्रकारचा होता. गळ फेकला की त्याची दोऱ्याची गुंडी गरगर फिरते आणि ती अंगठ्याने दाबून आवरावी लागते. अंगठा जरा उशिरा पडला की दोऱ्याचं घरटं होतं. माझं प्रत्येक वेळी घरटं व्हायचं. त्याचं त्या उन्हाळ्यात एकदाही झालं नाही. एखादा मासा तो घरी न्यायचा, वहिनी त्याचा सुक्या खोबऱ्याचा तिखट रस्सा करायच्या, आणि माझ्यासाठी वेगळं पिठलं.

दुसऱ्या वर्षी, सीझनच्या पहिल्याच सकाळी, त्याच्या रिळात दोरा गुंतला. त्याने शिव्या घालत सोडवला. पुन्हा फेकला, पुन्हा गुंतला. त्या दिवशी सात-आठ वेळा तरी तसं झालं असेल. रीळ खराब झालाय म्हणाला. आम्ही दुकानात जाऊन दुसरा घेतला, जरा भारी. पुढच्या शनिवारी तेच. मग तिसरा. दुकानदाराने तिन्ही रीळ काउंटरवर ठेवून अंगठ्याने फिरवून बघितले आणि म्हणाला, ह्यांत काही दोष नाही. मित्र त्याच्यावर चिडला. कधी न चिडणारा माणूस. मीही गाडीत बसल्यावर दुकानदारालाच नावं ठेवली.

दोष अंगठ्यात होता. जूनमध्ये त्याच्या हातून ऑफिसात पेन्सिल पडायला लागली. जुलैमध्ये तपासण्या झाल्या. स्नायूंकडे जाणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात असा तो आजार. औषध नाही. डॉक्टरांनी दोन-तीन वर्षं सांगितली होती, हे वहिनींनी मला फोनवर सांगितलं. तो स्वतः मला एवढंच म्हणाला, "रीळ बदलावा लागते पुन्हा."

आम्ही त्या शनिवारी दुकानात गेलो. मी दुकानदाराला बाजूला घेऊन सांगायचं ठरवलं होतं, पण मित्राने काउंटरवर उजवा हात ठेवला आणि अंगठा हलवून दाखवला. तो जेमतेम हलत होता. दुकानदाराने बराच वेळ त्या हाताकडे बघितलं. मग तो आत गेला आणि लहान मुलांच्या शेल्फवरून एक रीळ घेऊन आला. झाकणाचा, मागे एक बटण असलेला. बटण दाबायचं, काठी फिरवायची, बटण सोडायचं, बस. दोरा गुंतायचा प्रश्नच नाही. पाच वर्षांच्या पोरांना देतात तो. दुकानदाराने तो डाव्या हाताने चालेल असा उलटा बसवून दिला. मित्राने बटण दोनदा-तीनदा दाबून बघितलं आणि म्हणाला, ह्याच्यापासनंच सुरू करायला पाहिजे होतं.

ती हिरवी कयाक आता त्याला झेपणार नव्हती. आत उतरताना हातांवर भार द्यावा लागतो. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आम्ही एका निवृत्त शिक्षकाकडून लाकडी सांगाड्याची, वरून कॅनव्हास ताणलेली, दोन सीटची जुनी कयाक घेतली. ती चांगली रुंद होती, हलायची कमी, आणि वरून बरीचशी उघडी. पुढे तो, मागे मी. वल्हवायचं काम माझं. पुढची सीट आम्ही दोघांनी मिळून केली. जेवणाच्या सुट्टीत त्याने सांगितलं, मी काढलं. टाकाऊ नमुन्यातला एक पाठीचा सांगाडा कापून आणला, त्यावर फोम बसवला, कमरेला पट्टा लावला. काठी टेकवायला प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा डाव्या बाजूला बसवला. लाइफ जॅकेट वहिनींनी निवडलं. मानेमागे मोठी उशी असलेलं, माणूस बेशुद्ध पडला तरी तोंड पाण्याच्या वर ठेवणारं. तो म्हणाला, ह्यात मी मासा पकडायला चाललेला दिसतच नाही. वहिनी म्हणाल्या, दिसू नका.

तो ऑगस्ट आणि सप्टेंबर आम्ही एकही शनिवार चुकवला नाही. मी मागून वल्हवायचो आणि तो डाव्या हाताने बोट दाखवून सांगायचा, तिकडे घे, हळू, थांब. मला पाण्याची भीती वाटायची ती तशीच होती, पण तो पुढे बसलेला असला की मी तिचा विचार करत नसे. एका सकाळी त्याच्या गळाला मोठा बास लागला. काठी पाइपात वाकून थरथरायला लागली. त्याने डाव्या हाताने रीळ फिरवायला घेतला आणि अर्ध्यावर हात थकला. मला ते पाठीमागून दिसलं. मी पुढे सरकून काठी धरायला गेलो, तर तो न वळता म्हणाला, "हात नको लावू." मग थांबत, दम खात, त्याने तो मासा होडीपर्यंत आणला. खूप वेळ लागला. मी जाळी खाली घातली. माशाच्या ओठातला गळ मीच काढला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्याच्या सांगण्यावरून मासा परत सोडला.

काठाला लागताना तो म्हणाला, "पुढच्या वर्षी मी कसाही असलो तरी नेशील नं?"

मी नेईन म्हणालो.

हिवाळ्यात तो झपाट्याने खचला. नोकरी सुटली. मार्चमध्ये व्हीलचेअर आली. बोलणं जड झालं, ओळखीच्या माणसालाच कळेल असं. दर रविवारी मी जायचो. त्याच्या मांडीवर सामानाचा कॅटलॉग उघडून ठेवलेला असायचा आणि वहिनी पानं उलटायच्या. एका पानावर त्याने त्यांच्याकडून खूण करून घेतली होती. बॅटरीवर चालणारा रीळ, समुद्रावरच्या मोठ्या होड्यांसाठी असतो तो. आपल्या तळ्यात त्याचा काही उपयोग नाही, मी म्हणालो. त्यालाही ते माहीत होतं. नुसतं बघायला, तो म्हणाला.

मेच्या मध्यावर वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना सीझनच्या पहिल्या शनिवारी न्या. मी काठावर येते. काय व्हायचं ते होऊ दे, पण न्या." आणि त्यांनी मला आधीच ठरवून ठेवलेलं सांगितलं. आमच्या ओळखीचे दोघं उचलून होडीत ठेवायला येणार होते. मी फक्त वल्हवायचं होतं.

मी घरी गेलो, गॅरेजमध्ये कयाक काढली, आणि त्या सीटकडे बघत उभा राहिलो. त्याची मान आता सरळ राहत नव्हती. होडी कलली असती तर त्याला काही करता आलं नसतं, आणि मलाही. माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र इतकं स्पष्ट आलं की मी कयाक पुन्हा भिंतीला लावून ठेवली.

वहिनींना मी फोन करून सांगितलं की जुनी सीट चालणार नाही, मानेला आधार हवा, मी नवी करतोय. पहिला शनिवार गेला. मग मी म्हणालो, फोम बरोबर नाही. मग पट्टे. मी खरंच दुकानांतून हिंडत होतो. चार प्रकारचे पट्टे आणले, दोन परत केले. बायकोला वाटायचं मी मित्रासाठी किती राबतोय. ऑफिसात लोक चौकशी करायचे, सीट कुठपर्यंत आली. ज्याने आयुष्यभर सीट डिझाइन केल्या त्याला मी हे सांगत होतो. ती सीट चार दिवसांचं काम होती.

जुलैच्या एका रविवारी मी नव्या बकलाबद्दल बोलायला लागलो तेव्हा त्याने डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. एकेक शब्द थांबून थांबून तो म्हणाला, "सीट नाही. तू टाइम काढून राहिला."

मी हसलो. नाही रे, पुढच्या आठवड्यात नक्की, असं म्हणालो. त्याने डोळे मिटले. मला वाटलं दमला असेल.

ऑगस्टमध्ये त्याला गिळता येईना, मग श्वासाचा त्रास सुरू झाला, आणि घराबाहेर काढायचा प्रश्न उरला नाही. नोव्हेंबरमध्ये, सकाळी, वहिनी चहा करत असताना तो गेला. सीट तोपर्यंत पूर्ण झाली होती.

त्या हिवाळ्यात मी पोहायला शिकलो. गावातल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर, चाळिशीला आलेला माणूस, लहान मुलांच्या वर्गाशेजारी काठ धरून पाय मारायचा. कोणी विचारलं नाही आणि मी कोणाला सांगितलं नाही. मार्चपर्यंत मला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाता यायला लागलं. बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून मी बाकावर बसलो आणि उठावंसंच वाटेना.

जूनमध्ये वहिनींचा फोन आला. ते जिथे जायचे ती जागा मला बघायची आहे, म्हणाल्या. आम्ही दोघं गेलो. त्या साडीवर स्वेटर आणि बूट घालून आल्या होत्या. लाइफ जॅकेट मी नवीन आणलं होतं, साधं. त्या पुढे बसल्या. मी बुडालेला ओंडका दाखवला, गवताची कड दाखवली, मोठा बास लागला ती जागा दाखवली. त्यांनी हात पाण्यात घालून बघितला. गळाची काठी मी नेली नव्हती.

मग समोरच बघत त्या म्हणाल्या, "तुम्ही घाबरलात, हे ह्यांना मेमध्येच कळलं होतं. मला म्हणाले, त्याला पोहता येत नाही, त्याला बोलू नको काही."

माझं वल्हं थांबलं.

"पण तुम्ही तसं सांगायला पाहिजे होतं, भाऊजी. दर रविवारी ते वाट बघायचे की आज तरी तुम्ही खरं बोलाल. मग सीटचं ऐकायचे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. मी होडी काठाला आणली, त्यांना उतरायला हात दिला. पाऊस भुरभुरायला लागला होता. गाडीत बसल्यावर त्यांनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला दिला आणि माझ्या मुलीच्या शाळेबद्दल विचारलं. सुट्टी कधी लागते, समर कॅम्पला कुठे घालताय. मी सगळ्याची उत्तरं दिली.

त्याच वर्षी त्या टेक्ससला भावाकडे राहायला गेल्या. दिवाळीला त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी, मुलीचं कसं चाललंय, असं बोलतो आम्ही. सगळं विचारून झालं की त्या म्हणतात, बरं, ठेवते.