भाऊंची मराठी

इंग्रजीतला मजकूर कितीही लांबलचक असो, भाऊ त्याची चार वाक्यांत मराठी करून मोकळे व्हायचे. उर्से गावाजवळच्या आमच्या कारखान्यात ते एचआरमध्ये होते. हुद्दा साधाच, पण कंपनीला काय म्हणायचंय ते आम्हाला कळायचं भाऊंच्याच तोंडून. कॅन्टीनमध्ये हात धुवायच्या नळांपाशी उभे राहायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि दरडावायचे, "ऐका रं, येकदाच सांगनार हाय." मग तेच तीनदा सांगायचे.

जानेवारी लागला की भाऊंचा भाव वधारायचा. करबचतीचे पुरावे जमा करायचे दिवस ते. मुलांच्या शाळेच्या पावत्या घेऊन अख्खी शिफ्ट त्यांच्या टेबलाला गराडा घालायची. त्यातली कुठली रक्कम करातून सुटते आणि कुठली नाही, हे समजावताना भाऊ सरळ खळ्यावर जायचे. "साळ झोडपली की घरात काय नेता? दाना. पेंढा ऱ्हातो भायेर. शाळेची फी म्हंजी दाना. बस, डरेस, डोनेशन, ह्यो समदा पेंढा. सरकार निस्ता दाना मोजतं." एखाद्याने नवी करपद्धत निवडलेली असली, तर त्याच्या पावत्या त्याच्याच खिशात परत कोंबायचे. "तुला ह्यातलं कायबी लागू न्हाई. तू आपला जेवायला जा."

मी डिप्लोमा करून क्वालिटीत लागलेली. पवन मावळातल्या आमच्या घरात नोकरीवर जाणारी पहिली मुलगी. नोकरी करता करता डिग्री करायची, हे मी रुजू झाले त्याच दिवशी भाऊंना सांगून टाकलं होतं, म्हणून ते मला "विंजिनेर" अशी हाक मारायचे. माझे वडील गेले, तेव्हा तिरडी बांधण्यापासून पाहुण्यांच्या चहापर्यंत सगळं भाऊंनी पाहिलं. सख्खा चुलता बांधावरून भांडत बसला होता आणि हा परका माणूस आमच्या चुलीला लाकडं फोडत होता. अशा माणसावर कोण शंका घेणार?

हेड ऑफिसचे मेल आम्हा सगळ्यांनाच यायचे. पण ते उघडायची आमच्याकडे रीतच नव्हती. इंग्रजी येणारेसुद्धा म्हणायचे, "भाऊ सांगतील की." आपल्या माणसाने आपल्या भाषेत सांगितल्यावर पुन्हा मेल वाचणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, असं आम्हाला वाटायचं. आमच्या मावळात शब्दाला मान असतो आणि त्याचा आम्हाला तोराही फार.

एका जानेवारीत मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, पोरांच्या फीचं कळलं. पर आमाला सोताला शिकायचं आसंल तर कंपनी काय देती का?"

भाऊंनी चष्मा पुसला. "कंपनी पगार येळेवर देती ह्येच लय झालं, विंजिनेर!"

सगळे खो खो हसले. मीही हसले. वडिलांच्या मागे धाकट्या भावाचं शिक्षण माझ्यावर होतं. कॉलेजच्या फीचा आकडा मी काढून पाहिला आणि डिग्रीचा विषय मनातच मिटवला.

भाऊ निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त मी रडले. त्यांच्या जागी पुण्याच्या एक तरुण मॅडम आल्या. पहिल्याच जानेवारीत त्या कॅन्टीनमध्ये उभ्या राहिल्या, मुलांच्या फीच्या पावत्यांचं सांगितलं आणि म्हणाल्या, "आणि तुमच्या स्वतःच्या शिक्षणाची योजना जुनीच आहे. दर वर्षी याच मेलमध्ये कळवतो. कामाला उपयोगी पडणाऱ्या पदवीची फी कंपनी भरते, अर्ज मात्र मार्चअखेर हवा. इथून आजवर एकही अर्ज कसा आला नाही, याचं हेड ऑफिसला नवल वाटतं."

घास माझ्या हातातच राहिला. वयाची अट काय, असं मी विचारलं. "पस्तीस," मॅडम म्हणाल्या. मला दिवाळीतच छत्तीस पूर्ण झाली होती.

त्याच रविवारी मी शिरगावला भाऊंच्या घरी गेले. मला पाहून केवढे खूश झाले! काकूंना चहा टाकायला सांगितला. मी उभ्या उभ्याच विचारलं, "भाऊ, तुमाला ठावं हुतं?"

एवढं तरी खरं, त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय. आपल्या म्यानेजर सायबांनी सांगितलं हुतं, ह्याचा गवगवा नगं. मान्सं शिकाया लागली का सेकंड शिफ्ट टाळत्यात, आन् शिकली का जात्यात सोडून. मी त्यांना शब्द दिलता."

"आन् आमाला?"

"तुमाला कुटं शब्द दिलता मी?"

अगदी सहज म्हणाले, पावती परत करावी तसं. चहा न घेता मी निघाले. काकू दारापर्यंत मागे आल्या, पण मी थांबले नाही. साहेबाने दगा दिला असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. माझ्या बापाला खांदा देणाऱ्याला कुठल्या तोंडाने शिव्या द्यायच्या? पण माझा विश्वासघात झाला आणि तो त्यांनीच केला. त्याला दुसरं गोंडस नाव मी देणार नाही.

मॅडमनी सांगूनही कोणी अर्ज केला नव्हता, म्हणून यंदा त्यांनी ती योजना लाइनवरच्या पोरांना समजावून सांगायचं काम मला दिलं. म्हणाल्या, "तुमच्याकडच्या भाषेत सांगा, म्हणजे पटेल." मी मेलमधली ओळ न् ओळ सांगितली. कोणाला मिळतं, वयाची अट काय, कधीपर्यंत अर्ज करायचा, काहीही गाळलं नाही. मग मागच्या बाकावरून एकाने हळूच विचारलं, "ताई, राग नका मानू, पर भाऊंना येकदा इचारू का? ते आस्ताना ह्ये कदी आइकलं न्हाई."

भाऊंनी काय केलं ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून ही पोरं कोणावरच विश्वास ठेवणार नाहीत, आणि मार्च उलटून जाईल. मी म्हटलं, "लाव फोन."

त्याने तिथेच फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडून तोच भारदस्त आवाज आला, "तिचं ऐका रं. ती पोरगी खोटं न्हाई सांगायची."

पोरांच्या शंका तिथेच मिटल्या आणि ती अर्ज मागायला माझ्याभोवती जमली. माझं बोलणं त्यांनी खरं धरलं, ते त्या माणसाच्या शब्दावर.