पाण्याची चिठ्ठी

आमच्या जयनगरच्या इमारतीतले कानडी आजोबा, सगळ्यांचे अज्जा, शंभरीला टेकलेत. शाळकरी वयात ते इंग्रजांविरुद्धची पत्रकं चोरून वाटायचे. आता पाणी किती वेळ बंद राहणार त्याच्या चिठ्ठ्या वाटतात, पण तशाच: लिफ्ट टाळून, चपला हातात घेऊन, दाराखालून सरकवायची आणि पसार!

काल अंगभर साबण लावला आणि नळ आटला. टॉवेल गुंडाळून दार उघडलं, तर नव्या वॉचमननं अज्जांचा दंड धरलेला. "एनु अज्जा, काय लपवताय?"

खाकी बाही बघताच अज्जांनी आमची चिठ्ठी तोंडात कोंबली, चावली, गिळली.

"अज्जा, पाणी कधी येणार?" मी कळवळून विचारलं.

"मारलंत तरी सांगणार नाही!"

वॉचमननं गडबडून सलाम ठोकला. मग मीही ठोकला, फेसासकट.