बदामाचं पाचवं पान

पणतवाला आंघोळीनंतर पावडर लावली की मला पिंपरीच्या कारखान्याची पत्र्याची शेड आठवते. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत आम्ही फिटर-वेल्डर तिथे पोकर खेळायचो. घामाने पत्ते चिकटू नयेत म्हणून त्यांना पावडर चोळायचो. पैसे नाही, रजा लावायचो, आणि कितीही लावायची मुभा होती. हरणारा जिंकणाऱ्याच्या बदली कामावर यायचा. त्या दुपारी माझ्या हातात चार बदाम होते. पाचवा आला तर डाव माझा, नाहीतर हात फुकट. मोठं लावलं तर समोरचा घाबरून पत्ते टाकेल, या हिशेबाने मी बोलून गेलो, "माझी दिवाळी." चाकणचा वेल्डर शांतपणे म्हणाला, "व्हय, माझीबी." बोललेलं मागे घेता येत नसे. मी पान बदललं. कोपऱ्यात लाल दिसलं, जीव भांड्यात पडला. पूर्ण उघडलं तर चौकट. "राव, तुला तान्ही लेक बघाय जायचं व्हतं ना?" वेल्डरने विचारलं. "मग लावली कशाला?" बायको माहेरी बाळंत झाली होती. लेकीला मी पाहिलं ते थेट शिमग्याला, आणि मला बघून ती रडली. आज ती स्वतः आजी झाली आहे. पणतवाला पावडर लावता लावता सुनांना सांगते, "माझ्या वेळी बाबांना कंपनीने रजाच दिली नव्हती." मी तिच्या हातात पावडरचा डबा देतो आणि टोपण शोधू लागतो.